उलजिनवालीची बस

आमच्या बामगोल गावाचा मी प्रमुख. हे पद मी मागितलेलं नाही. ज्याच्या घरात भोंग्याचा माईक ठेवायला कोरडी जागा असते त्याच्या गळ्यात ते पडतं. गावात उघडी घरं वीस-बावीस, बाकीच्यांना कुलुपं. तरुण मंडळाचा अध्यक्ष मा छिलसोंग त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि मंडळातला सगळ्यात कोवळा तोच. रोज सकाळी मी भोंग्यावरून गावाला सांगतो, की कोबीची रोपं आली आहेत, घेऊन जा. काल रानडुक्कर येऊन गेलं, रताळी सांभाळा. अमक्याचा कुत्रा पुन्हा सुटला आहे. निम्मं गाव बहिरं आहे आणि उरलेलं ऐकून न ऐकल्यासारखं करतं. त्यामुळे लोकांपर्यंत आवाज पोहोचवणं म्हणजे काय असतं, हे मला कोणी शिकवू नये असं माझं मत होतं. ते शिकवलं उलजिनवाली वहिनींनी, तेही तोंडातून फारसा आवाज न काढता.

वहिनींचं खरं नाव क्वाक बुन्रे, पण ते फक्त दवाखान्यातल्या नर्सबाईंना ठाऊक. लग्न होऊन आलेल्या बाईला आमच्याकडे माहेरच्या गावानं हाक मारतात, म्हणून त्या उलजिनवाली. वय एकोणऐंशी, पाठ धनुष्य झालेली, केस मात्र कायम कुरळे करून आणलेले. त्यांच्या भिंतीला भिंत लावून हादोंगवाली राहायची. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून आल्या आणि तेव्हापासून रोज दुपारी फुलांची चित्रं असलेल्या पत्त्यांचा डाव मांडून भांडत आल्या. हादोंगवाली मांडीखाली पत्ता लपवते, असं उलजिनवाली म्हणायची. उलजिनवालीला हरता येत नाही, असं हादोंगवाली म्हणायची. दोन्ही खरं होतं. नवरे गेले, मुलं शहरात गेली, डाव काही मोडला नाही.

मग गेल्या हिवाळ्यात हादोंगवाली अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि खुबा मोडला. मुलगा पुसानहून आला आणि आईला तालुक्याच्या गावातल्या वृद्धांच्या इस्पितळात ठेवून परत गेला. खुबा जुळला, पण तिथे पडल्या पडल्या तिचं डोकं चाळणी व्हायला लागलं. उलजिनवाली सकाळच्या बसने जायची, दुपारभर पत्ते खेळायची, हरायची आणि परतीच्या बसने शिव्या देत घरी यायची. "रोज दिसले तर ओळखते हो भावजी," मला म्हणायच्या. "एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी आधी माझ्या तोंडाकडे बघत बसते. आठवडाभर नाही गेले, तर मी गेलेच तिच्या डोक्यातून."

आणि मार्चमध्ये बस बंद झाली. तालुक्याच्या कचेरीतून एक माणूस आला, थांब्याच्या खांबाला कागद चिकटवून गेला. प्रवाशांअभावी ही फेरी रद्द करण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी कचेरीत जाऊन भांडलो.

"बामगोलहून रोज प्रवासी किती असतात?" तिथल्या बाबूने विचारलं.

"एक."

"म्हणजे सरासरी एक?"

"सरासरी नाही, तीच एक. रोज."

बाबूने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "काका, बसला डिझेल लागतं."

माझ्याकडे छोटा ट्रक आहे. मी म्हटलं, वहिनी, मी सोडत जाईन. दोनदा सोडलंही. पण मला बाजारची घाई, शेताची घाई. इस्पितळाच्या दारात मी हॉर्न वाजवायचो तेव्हा वरती नेमका त्यांच्या हातात चांगला पत्ता आलेला असायचा. तिसऱ्यांदा त्या ट्रकमध्ये बसेनात. "नको भावजी. बसला ठरलेली वेळ असते. उपकाराला नसते. तुमचा हॉर्न ऐकला की माझे पत्ते गळतात." शिवाय उपकार डोक्यावर ठेवायची त्यांची रीत नव्हती. दोन खेपांच्या बदल्यात त्यांनी माझ्या बायकोला इतकं किमचीचं लोणचं आणून दिलं, की फ्रीजचं दार लागेना.

मग त्यांनी काय करावं? रोज सकाळी तोंड धुऊन, पावडर लावून, पत्त्यांची पेटी पिशवीत घालून त्या बसथांब्यावर जाऊन बसायला लागल्या. बस नसलेल्या थांब्यावर. दुपारी उठून घरी यायच्या. लोक म्हणाले, म्हातारीलाही लागलं वेड, दोघींचं एकदमच झालं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांनी त्यांचं काम बंद केलं. मी माझं कशाला बंद करू?"

उन्हाळ्याच्या तोंडाला राजधानी सोलहून एक सायकलवाला आला. पन्नाशीचा माणूस, अंगाला चिकटलेले पिवळे कपडे, काळा चष्मा, डोक्यावर भोपळ्याएवढं शिरस्त्राण. पाणी प्यायला थांब्यावर टेकला आणि वेळ घालवायला म्हणून विचारलं, "आजी, बस कधी आहे?"

"मार्चमध्ये होती," वहिनी म्हणाल्या.

त्याच्या शिरस्त्राणावर कॅमेरा होता. आम्हाला वाटलं होतं, दिवा आहे.

चार दिवसांनी मा छिलसोंग धापा टाकत माझ्या मिरच्यांच्या वाफ्यात शिरला. "दादा, वहिनींना आख्खा देश बघतोय!" त्याच्या फोनवर वहिनी तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या, आणि खाली लोक रडत होते. आमच्या गावाची लोकसंख्या जितकी आहे तितके लोक दर श्वासाला रडत होते. "आता बस येणार," छिलसोंग म्हणाला. "सरकार हादरणार."

"तू आधी मिरच्यांवरून पाय काढ," मी म्हणालो.

सरकार हादरलं नाही, पण लोकांना एक नवा छंद मिळाला. कोणीतरी साखळी सुरू केली. खुर्चीवर बसायचं, हातात 'बस येईपर्यंत' अशी पाटी धरायची, फोटो काढून इंटरनेटवर टाकायचा आणि पुढच्या तिघांची नावं घ्यायची. ज्यांची नावं घेतली त्यांनी दोन दिवसांत तसाच फोटो टाकायचा, नाहीतर त्यांना काळीज नाही. बँकेचा मॅनेजर संगमरवरी हॉलमध्ये पाटी घेऊन बसला. अग्निशमन दल शिडीवर बसलं. एक दातांचा डॉक्टर बसला, शेजारी पेशंट तोंड उघडं ठेवून. कुठल्याशा प्राणिसंग्रहालयात सीलच्या गळ्यात पाटी अडकवली. प्रत्येकजण तिघांची नावं घेत होता आणि त्या हजारो नावांत एकही बसचा ड्रायव्हर नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. वाढणारे मात्र अमाप.

साखळी फिरत फिरत शेजारच्या तालुक्याच्या प्रमुखापर्यंत गेली आणि त्याने आमच्या तालुक्याचे प्रमुख प्यो साहेब यांचं नाव घेतलं. झालं. दुसऱ्याच दिवशी प्यो साहेबांचा फोटो आला. मागे मोठा फलक, आजूबाजूला दहा अधिकारी, सगळ्यांच्या मुठी आवळलेल्या. त्यात खांबाला कागद चिकटवून गेलेला माणूसही होता, आणि त्याची मूठ सगळ्यांत वर होती. खाली साहेबांनी पुढची तीन नावं घेतली होती, एक मुख्याध्यापक, एक सहकारी सोसायटीचा अध्यक्ष आणि एक जत्रेत गाणी म्हणणारी बाई.

"बघ दादा," छिलसोंगने फोन माझ्या नाकाशी धरला, "साहेबसुद्धा आपल्या बाजूने आहेत."

"अरे, आपल्या विरुद्ध तो एकटाच होता!"

छिलसोंग माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तरुण आहे, तापट आहे.

मग लोक प्रत्यक्षच यायला लागले. गाड्या घेऊन यायचे, वहिनींच्या शेजारी बसायचे, फोटो काढायचे, डोळे पुसायचे, चिकट भाताच्या वड्यांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवून निघून जायचे. वहिनी त्या वड्या मला आणून द्यायच्या. दातांना चिकटतात म्हणायच्या. तोवर सुगीचा चुसोक सण उलटून गेला होता. सणाच्या आधी मी हट्टाने त्यांना एकदा ट्रकमधून इस्पितळात नेलं, तेव्हा हादोंगवालीने ओळखलं खरं, पण खूप वेळ घेऊन, आणि उलजिनऐवजी भलत्याच गावाचं नाव घेऊन. परत येताना वहिनींनी रस्ताभर एकही शिवी दिली नाही. त्या बाईला मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा असं बघितलं आणि मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर त्यांनी स्वाभिमान गिळला. फोटो काढून निघालेल्या एका जोडप्याला स्वतःहून विचारलं, "बाळांनो, तालुक्याकडे चाललाय का? मला सोडाल?" मी तिथेच उभा होतो. पोरगी इतकी गोड हसली. म्हणाली, "अय्या आजी, तुम्ही गेलात तर मागून येणाऱ्यांनी काय बघायचं? लांबून येतात हो बिचारे." आणि वहिनींचा गालगुच्चा घेऊन ती गेली. मी त्या गाडीच्या मागे जे बोललो ते भोंग्यावरून सांगण्यासारखं नाही.

थंडी पडली तसे लोक कमी झाले. देशाला रडायला दुसरं काही सापडलं असणार. पण कचेरीची चक्रं तेव्हा कुठे फिरली. एक दिवस ट्रक आले, मजूर आले, आणि आठवडाभरात जुन्या खांबाच्या जागी काचेचा थांबा उभा राहिला. आपोआप सरकणारं दार, बूड शेकणारा बाक, फोन चार्ज करायची सोय आणि येणाऱ्या बसची वेळ सांगणारा लाल अक्षरांचा फलक. असे थांबे सोलमध्येही कमीच असतील. गावातले म्हातारे दुपारची झोप तिथेच काढायला लागले. सगळं होतं, फक्त बस नव्हती. नवरी नटवून बसवली होती आणि नवऱ्याचा पत्ता नाही.

उद्घाटनाला प्यो साहेब आले. पांढरे हातमोजे, कात्री, फीत, सगळा सरंजाम. कचेरीचा एक माणूस हे सगळं फोनवरून तिथून थेट लोकांना दाखवत होता. साहेबांची काळी मोटार फोटोत बरी दिसणार नाही म्हणून टेकडीमागे पाठवून दिली होती. फीत कापली. टाळ्या झाल्या. साहेब तीच ती 'बस येईपर्यंत' पाटी हातात धरून वहिनींच्या शेजारी बाकावर बसले, फोटो निघाला आणि ते उठणार, तेवढ्यात वहिनींनी पिशवीतून गरम रताळं काढून सोलायला घेतलं.

"घ्या साहेब. वाट बघताना भूक लागते."

साहेब घाईत होते, पण एकोणऐंशीची बाई दोन्ही हातांनी खायला देत असताना उठून जाणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. त्यांनी रताळं घेतलं.

"बरं झालं तुम्ही आलात," वहिनी म्हणाल्या. "मार्चपासून एकटीच बसत होते. आज सोबत झाली. तुम्हालाही तालुक्यालाच जायचंय ना?"

"हो, म्हणजे... जायचंय आजी, पण..."

"मग आपली एकच बस."

तेवढ्यात डोक्यावरच्या फलकातून मधाळ बाईचा आवाज आला, "सध्या येणारी एकही बस नाही. आपला प्रवास सुखाचा होवो."

छिलसोंग फोनकडे बघत होता. तो हळूच माझ्या कानात म्हणाला, "दादा, लोक परत आले. झुंडीने येतायत. एकजण म्हणतोय, साहेब, पाटीवर काय लिहिलंय ते वाचा. एक बाई म्हणते, मी भात चढवून येते, तोवर कोणी त्यांना उठू देऊ नका." कचेरीचा माणूस फोन बंद करायला गेला तर साहेबांनीच डोळ्याने नको म्हटलं. बंद केला असता तर त्याचीही बोंब झाली असती.

साहेबांनी घसा साफ केला. "आजी, मी शब्द देतो. पुढच्या वर्षीच्या तरतुदीत बामगोलचा प्रश्न अग्रक्रमाने..."

"द्या की," वहिनी म्हणाल्या. "बस आली की वाटेत द्या. आता रताळं गार होतंय."

बाक कोणीतरी पूर्ण तापवून ठेवला होता. साहेब खालून भाजत होते आणि सरकत्या दारातून येणाऱ्या वाऱ्याने वरून गारठत होते, कारण दरवेळी कोणी आत डोकावलं की ते दार सलामी दिल्यासारखं उघडायचं. दर थोड्या वेळाने मधाळ बाई सगळ्यांना सुखाचा प्रवास चिंतायची. दुसरं रताळं झालं. वहिनींनी पत्त्यांची पेटी काढली आणि म्हणाल्या, "खेळता येतं का?" साहेबांना येत होतं. पहिला डाव ते हरले.

"साहेब," पत्ते पिसता पिसता वहिनींनी विचारलं, "तुम्हाला एखादी मैत्रीण आहे का, जी तुमच्याशिवाय कोणाशी भांडत नाही?"

"नाही आजी."

"मला आहे. मला विसरत चाललीये ती. घाई मला त्याची आहे. थांबा छान बांधलाय तुम्ही, बूड शेकतं. पण मला बसून राहायचं नव्हतं हो, मला जायचं होतं."

प्यो साहेब पत्त्यांकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्याला कोणी कधी खांबाजवळ बसवलं नव्हतं, एवढंच. त्यांनी खिशातून फोन काढला आणि कोणालातरी म्हणाले, "बामगोलला बस पाठवा. आत्ता. हो, मी बसलोय इथे. नाही, मोटार नको, बस. माणसं बसतात ती."

बस आली तेव्हा दुसरा डाव संपत होता. जुनाच ड्रायव्हर होता. दार उघडून म्हणाला, "वहिनी, उशीर झाला."

"मार्चपासून," वहिनी म्हणाल्या आणि चढल्या. कार्ड मशीनला लावलं, मागे बघितलं. साहेब खिसे चाचपत होते. बसचं कार्ड त्यांच्याकडे कुठून असणार? वहिनींनी आपलंच कार्ड पुन्हा टेकवलं. "हे माझ्यासोबत आहेत," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

मीही चढलो. उद्या भोंग्यावरून सांगायचं, तर डोळ्यांनी बघितलेलं बरं. बस वळली तेव्हा खाली उभा असलेला छिलसोंग दोन्ही हात वर करून ओरडत होता, "दादा, म्हटलं होतं ना मी? आली की नाही? आली की नाही?" आली, हे मला मान्य करावंच लागलं. माझ्या भांडण्याने आली नव्हती, त्या पिवळ्या सायकलवाल्याने आणि भात चढवून आलेल्या बाईने आणली होती. वाटेत साहेबांनी आजपासूनच रोज दोन फेऱ्या जाहीर केल्या, कचेरीच्या माणसाने ते सगळ्यांना ऐकवलं, आणि साहेब चौकात उतरून ऑफिसपर्यंत चालत गेले. फेऱ्या आजही चालू आहेत. कोणी म्हटलं की फोनवरच्या आरड्याओरड्याने काही होत नाही, तर मी आता पूर्वीसारखी मान डोलवत नाही. दुसऱ्या बाजूनेही डोलवत नाही.

इस्पितळात वरच्या मजल्यावर सहा खाटांच्या खोलीत टीव्ही दिवसभर चालू असतो. आम्ही दारात गेलो तर खाटांवरच्या सगळ्या म्हाताऱ्या उठून बसल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. बसवाली आली, बसवाली आली. खिडकीजवळच्या खाटेवरून हादोंगवालीही टाळ्या वाजवत होती. तिचा चेहरा किती उजळला होता. वहिनी माझ्या पुढे झपाझप गेल्या, त्या पाठीने जेवढं जाता येतं तेवढं.

हादोंगवालीने त्यांचा हात हातात घेतला. "टीव्हीवरची ना गं तू? रोज बघते मी तुला. आली का शेवटी तुझी बस?"

वहिनी उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "आली."

"बरं झालं बाई. जीव लागून राहिला होता सगळ्यांना. आणि कोणाला भेटायला निघाली होतीस गं एवढी?"

"होती एक माझी. घरी नव्हती."

"अगोबाई! एवढी आख्खी बस आणलीस, आणि ती घरी नाही? कसली गं मैत्रीण तुझी." हादोंगवालीला मनापासून राग आला होता. तिने पांघरूण सारून खाटेवर जागा केली. "टेक जरा. दमली असशील. पत्ते येतात का तुला?"

"थोडे थोडे येतात," वहिनी म्हणाल्या आणि खाटेवर चढून बसल्या.

मी त्यांच्या मागे उभा होतो. माझा ट्रक गावातच होता, तरी सवयीने मी म्हणून गेलो, "वहिनी, थांबू का मी खाली?"

त्या पत्ते वाटत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्ही जा भावजी," त्या म्हणाल्या. "मला परतीची बस आहे."